हंबीररावांच्या फुल्या

कडेगावच्या ज्या आळीत हवालदार हंबीरराव राहत होते, त्या आळीत लोखंडाची, तांब्याची किंवा पितळेची अशी एकही वस्तू उरली नव्हती, जिच्यावर त्यांनी हातोडी मारली नव्हती. यात हौसेचा भाग नव्हता. निदान हंबीररावांच्या मते तरी नव्हता. अठरा वर्षांच्या नोकरीतली शेवटची नऊ वर्षं त्यांनी लष्करी सामानाच्या डेपोत एकच काम केलं होतं. जुनी वस्तू हातात घ्यायची, हातोडीनं वाजवायची, कान द्यायचा आणि ती वापरायला चांगली आहे की कंडम आहे ते सांगायचं. चांगली असेल तर पोलादी ठशानं गोल, कंडम असेल तर फुली, आणि शेजारी तपासणाऱ्याचा आकडा. हंबीररावांचा आकडा होता सदतीस. लढाई संपली, ते पेन्शनीवर गावी आले आणि येताना तो ठसा चुकून त्यांच्या ट्रंकेत आला. चुकून हा शब्द त्यांचाच आहे.

भांड्यावर नाव घालायची पद्धत गावाला होतीच. पण नाव घालणाऱ्याला भांडं कसं आहे ते कुणी विचारत नाही. हंबीररावांना विचारू लागले. ओट्यावर घोंगडं अंथरून ते बसायचे, समोर वस्तू ठेवली जायची, टण्णकन आवाज व्हायचा आणि हंबीरराव डोळे मिटून घ्यायचे. ते डोळे मिटून असेपर्यंत आळीत कुणी खोकतसुद्धा नसे. केरबाच्या विहिरीवरच्या बादलीवर फुली बसली. शेजारच्या साळूबाईच्या, माहेराहून आलेल्या तांब्याच्या घंगाळावर फुली बसली. भजनी मंडळाच्या टाळांवर बसता बसता राहिली, कारण बुवांनी ते वेळेवर ओढून घेतले. कुणी कुरकुर केलीच तर हंबीरराव शांतपणे सांगत, "सदतीस नंबरची फुली आजपातूर कुणी खोडली न्हाई."

अशा माणसाच्या दारात सेहेचाळीस सालच्या दिवाळीनंतर एक बैलगाडी येऊन उभी राहिली आणि तिच्यातून उतरलेल्या सामानानं या कथेतली सगळी शोभा केली.

सामान होतं कोंबड्यांचं. अंडी उबवायची एक लाकडी पेटी, जिच्या पोटात रॉकेलचा दिवा लावायचा. पाणी पाजायची जस्ती पत्र्याची चार भांडी. दाणे टाकायच्या तीन पन्हळी आणि जाळीचे दोन पिंजरे. हंबीररावांच्या कानावर आलं होतं की, ज्याच्याकडे शास्त्रीय सामान असेल त्याला तालुक्याच्या कचेरीतून पांढऱ्या विलायती कोंबड्या मिळणार आहेत. चंद्राबाईंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, अकरा गावरान कोंबड्या संध्याकाळी डालग्याखाली झाकल्या जायच्या आणि सकाळी शेजाऱ्यांच्या मिरच्या उकरायला जायच्या. त्यात शास्त्रीय असं काही नव्हतं. म्हणून हंबीररावांनी पुण्याला जाऊन लष्करी मोडीच्या लिलावात एक लॉट घेतला. लॉट ताडपत्रीखाली बांधलेला होता. यादी मात्र टाइप केलेली होती, आणि टाइप केलेल्या कागदावर अविश्वास दाखवणं हंबीररावांच्या रक्तात नव्हतं.

ताडपत्री दारात सुटली. पत्रा कुठे संपतो आणि गंज कुठे सुरू होतो ते गाडीवानालाही सांगता येईना. सामान उतरवताना हंबीररावांचं धोतर गुडघ्यापर्यंत तांबडं झालं. चंद्राबाई उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "आणताना बघितलं न्हवतं व्हय?"

हंबीरराव म्हणाले, लष्करी लिलावात असं उघडून बघायची पद्धत नसते. चंद्राबाईंनी मान हलवली आणि आतून केरसुणी आणली.

अर्ध्या तासात आळी गोळा झाली. गंजलेल्या भांड्यातलं पाणी कोंबडीला पाजावं की नाही, हा प्रश्न कडेगावात यापूर्वी कुणालाच पडला नव्हता, त्यामुळे प्रत्येकाला त्याचं उत्तर माहीत होतं. साळूबाई म्हणाल्या, गंज म्हणजे धनुर्वात. त्यांचा दीर खिळा लागून गेला होता. कोंबडी गंज प्याली तर तो अंड्यात उतरणार, आणि अंडं खाणाऱ्याची दातखीळ बसणार. नाथाजी मास्तरांनी हे खोडून काढलं. गंज म्हणजे लोह, आणि रक्त कमी झालेल्या माणसाला डॉक्टर लोहच देतात, तेव्हा या भांड्यातलं पाणी पिणारी कोंबडी इतरांपेक्षा जोमदार निघेल असं त्यांचं शास्त्र होतं. केरबाचं म्हणणं, चिंच आणि राख लावून घासा, वर कल्हई करून घ्या. आणखी कुणीतरी सुचवलं की सगळ्याला तांबडा रंग द्यावा, म्हणजे गंज दिसणार नाही. हा सल्ला हंबीररावांना क्षणभर पटलासुद्धा.

मग सगळ्यांनी हंबीररावांकडे बघितलं. गावातला निकाल देणारा माणूस तोच होता. हंबीरराव घसा खाकरून म्हणाले, "सामान माझं हाय. आपल्या सामानाची तपासणी आपुन करू नये, असा लष्करात नियम हाय." असा नियम लष्करात होता की नाही कुणास ठाऊक. हंबीररावांना तो त्याच क्षणी सुचला होता.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण पेटीत साठ अंडी बसतात, हे हंबीररावांनी लिलावाला जाण्याआधीच आळीभर सांगून ठेवलं होतं. दोन दिवसांत बायका अंडी घेऊन यायला लागल्या. घरोघरची अंडी ओळखू यावीत म्हणून कुणी कोळशानं रेघ ओढली होती, कुणी टिंब दिलं होतं. साळूबाईंनी नऊ अंडी आणली. त्यांची कोंबडी एकच होती आणि ही तिची सगळी अंडी होती. "हंबीर, तुझ्या मशिनीत घाल बाबा," त्या म्हणाल्या, "तू बगितलेलं असतंय म्हंजे काळजी न्हाई." चंद्राबाईंनी अंडी भुशात मांडून ठेवली आणि नवऱ्याला सांगितलं की आठ-दहा दिवसांच्या वर ठेवलेलं अंडं उबत नाही. आता काय ते लवकर ठरवा.

हंबीररावांनी आधी कल्हईवाला गाठला. त्यानं एक भांडं उलटंसुलटं करून बघितलं आणि सांगितलं, कोंबड्यांच्या भांड्याला माझी भट्टी लागली हे कळलं तर उद्या गावात मला कोणी जेवायचं ताट देणार नाही. हंबीररावांनी भांडं पोत्यात घातलं आणि ते तालुक्याला गेले.

कचेरीत कळलं की कोंबड्या नंतर, आधी पेटीसाठी रॉकेलचा परवाना. परवान्यासाठी पेटी आणि भांडी धोक्याची नाहीत असा दाखला. दाखला गुरांच्या डॉक्टरांचा. गुरांच्या डॉक्टरांनी आपलं रजिस्टर उघडून दाखवलं. त्यात बैल, म्हैस, घोडा आणि मेंढी यांचे रकाने होते, कोंबडीचा नव्हता. असता तरी आपण जनावर तपासतो, पत्रा तपासत नाही, असं त्यांनी सौजन्यानं सांगितलं. हंबीरराव पुन्हा कचेरीत आले. कारकुनानं एक जाड पुस्तक काढलं, दोन पानं वाचली आणि चष्मा वर केला. "सामानाची तपासणी केलेल्या लष्करी माणसाचा दाखला चालेल. तुमच्या कडेगावात कोणी हंबीरराव आहेत म्हणे. त्यांच्याकडून आणा."

हंबीररावांची छाती फुगली. आपलं नाव कचेरीपर्यंत पोचलं आहे, हे त्यांना नवीन होतं. दुसऱ्या क्षणी त्यांना आपण केलेला नियम आठवला. "त्यो मीच," ते म्हणाले.

कारकुनानं त्यांच्या तांबड्या धोतराकडे बघितलं. "मग अडलंय कुठं? करा आणि आणा," असं म्हणून तो दुसऱ्या माणसाशी बोलायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हंबीरराव अंगणात घोंगडं अंथरून बसले. हातोडी, ठसा आणि गंजलेलं सामान समोर मांडलं. आळी जमलीच होती. आता नियमाचं काय, असं केरबानं विचारलं तेव्हा हंबीररावांनी सांगितलं की सरकारी हुकमापुढे नियम चालत नाही. गोल मारायचा तर आधी तेवढी जागा स्वच्छ हवी. त्यांनी पाण्याचं एक भांडं पालथं केलं आणि विटेच्या तुकड्यानं बूड घासायला घेतलं. गंज भुगा होऊन गळत गेला, खालून करडा पत्रा निघाला. पत्र्यावर एक फुली होती. फुलीशेजारी सदतीस.

हंबीररावांनी फुलीवर पंजा ठेवला. मग जणू सहज दुसरं भांडं उचललं आणि अंगठ्यानं घासलं. सदतीस. तिसरं. पन्हळ. पेटीच्या दिव्याचा पत्रा. सगळीकडे फुली आणि सगळीकडे सदतीस. त्यांनी सगळ्यावर पोतं टाकलं आणि उजेड बरोबर नाही असं जाहीर केलं. तेव्हा डोक्यावर ऊन होतं.

आता या कोड्यातून सुटका नव्हती. सामान चांगलं आहे म्हणावं, तर दोन वर्षांपूर्वीची फुली खोटी. सामान कंडम आहे म्हणावं, तर स्वतः कंडम ठरवलेला माल स्वतःच लिलावात घेऊन घरी आणणारा माणूस लष्करात सोडाच, आळीतही दुसरा सापडला नसता. पण हंबीररावांना खरं बोचत होतं ते हे नव्हतं. त्यांना ती दुपार आठवली होती.

चव्वेचाळीस साल होतं. जखमी जवानांना अंडी मिळावीत म्हणून लष्करी इस्पितळाच्या मागे कोंबड्या पाळल्या होत्या आणि त्यांच्यावर आटपाडीचा बिराप्पा नावाचा लान्स नाईक होता. त्याच्या सामानाची तपासणी हंबीररावांकडे आली, आणि त्याच संध्याकाळी त्यांना रजेवर जायची गाडी होती. वस्तू चांगली ठरवली की तिच्यापुढे अकरा रकाने भरावे लागत. कंडम ठरवली की एक ओळ पुरे. हंबीररावांनी झाडाखाली खुर्ची मागवली आणि बसल्या जागी सगळ्यावर फुल्या मारल्या. बिराप्पा उन्हात सावधान उभा होता. तो एवढंच म्हणाला होता, "साहेब, येकदा वाजवून तरी बगा."

"मला डोळ्यांनी कळतं," असं हंबीररावांनी त्याला उत्तर दिलं होतं.

रजेवरून आल्यावर त्यांना समजलं की सरकारी माल सडवला म्हणून बिराप्पाच्या दंडावरची हुद्द्याची फीत काढली. लष्करात असं चालायचंच, असं मनाशी म्हणून ते जेवायला बसले होते, आणि जेवण त्यांना गोडही लागलं होतं. हे आता आठवल्यावर त्यांना आपल्याच अंगणात तोंड लपवावंसं वाटलं. आणि लाजेच्या तळाशी आणखी एक लाज होती, ती तर त्यांनी कुणालाच कधी सांगितली नव्हती. वाजवल्यावर काय ऐकायचं असतं ते त्यांना माहीत नव्हतं. कुणी शिकवलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. नऊ वर्षं ते टण्णकन वाजवून डोळे मिटून घेत आणि मनात येईल तो ठसा मारत.

भुशातल्या अंड्यांचा सहावा दिवस होता. हंबीररावांनी चंद्राबाईंना सांगितलं की आटपाडीला या विषयातला एक तज्ज्ञ आहे, त्याला विचारून येतो. चंद्राबाईंनी तुम्ही सोडून दुसरा तज्ज्ञ कुठला, असं विचारलं नाही. त्यांनी भाकरी बांधून दिली.

पाण्याचं एक भांडं आणि एक पन्हळ पोत्यात घालून हंबीरराव सर्व्हिस मोटारीत बसले. विट्याच्या पुढे ऊस संपला, मग झाडं संपली, मग नुसता माळ लागला. पोतं खळखळ वाजत होतं आणि त्यातून तांबडी भुकटी शेजारच्या माणसाच्या टोपीवर पडत होती. मागच्या बाकावरच्या एका बाईनं त्यांना विचारलं, "मोड घेता का वो? आमच्याकडं जुना तांब्या हाय." हंबीररावांनी आपण निवृत्त हवालदार असल्याचं सांगितलं. ती म्हणाली, बरं, पण तांब्याचं काय देता? त्यांनी उरलेला प्रवास खिडकीबाहेर बघत केला.

बिराप्पाची वस्ती गावाबाहेर होती. मेंढरांचा वाडा, एक छप्पर, आणि छपरापुढं दहा-पंधरा कोंबड्या. बिराप्पा दोरी वळत बसला होता. हंबीररावांना बघून तो उठला आणि "या" म्हणाला. चेहऱ्यावर ओळख दिसली नाही. हंबीररावांना हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लगेच लाजही वाटली. तरीपण ठरवून आणलेलं वाक्य त्यांनी म्हटलंच. कडेगावात आपला एक दोस्त आहे, त्यानं लिलावात कोंबड्यांचं जुनं सामान घेतलंय, ते वापरावं का टाकावं हे त्याला कळत नाही.

बिराप्पानं भांडं हातात घेतलं. हातोडी मागितली नाही. बोटाच्या पेरानं कडेपासून बुडापर्यंत हळूहळू वाजवत गेला आणि प्रत्येक ठिकाणी थोडा थांबला. मग भांडं सूर्याकडे धरून आत डोळा लावला. मग विळ्याच्या टोकानं गंज खरवडला. हे सगळं त्यानं बोलत बोलत केलं, पण हंबीररावांशी नव्हे, भांड्याशी बोलल्यासारखं.

"आवाज सलग आला तर पत्रा सलग. बद्द आला की तितं आतनं खाल्लंय. उनाकडं धरलं आन् टिपकं दिसलं तर टाकायचं. खरवडल्यावर भुकटी पडली तर भ्यायचं न्हाई, वाळू आन् राखंनं घासायचं, वरनं उकळतं पानी, मग तीन दिस उनात. पापुद्रं निघालं तर मातर ऱ्हायलं न्हाई त्यात काय." त्यानं भांड्याच्या आतल्या बाजूवर बोट फिरवलं. "हितं जस्त फुललंय. ह्यात नुसतं पानी पाजायचं. ताक घालायचं न्हाई कवा, आंबट लागलं की जस्त उतरतंय आन् कोंबडं मरतंय."

पन्हळीला त्यानं जास्त वेळ लावला. एका टोकाला कुणीतरी शिशाचा डाग देऊन भोक बुजवलं होतं. तिथं त्यानं मान हलवली. खालचा पत्रा बोटानं दाबल्यावर मऊ लागला. "ही गेली," तो म्हणाला. "दोन सालामागं चांगली व्हती. फुली बसल्यावर उघड्यावर टाकली आसंल पावसात. मग काय ऱ्हातंय?"

हंबीररावांच्या तेव्हा लक्षात आलं की आपण उन्हात उभे आहोत. टोपी हातात आहे, टाचा जुळलेल्या आहेत, आणि बिराप्पा सावलीत बसला आहे. त्यांना कुणी उभं केलं नव्हतं.

बिराप्पानं वर बघितलं. "हुबं ऱ्हायला कुनी सांगितलं? बसा की साहेब."

साहेब हा शब्द ऐकल्यावर दोस्ताची गोष्ट पुढे चालवण्यात अर्थ नव्हता. हंबीरराव बसले नाहीत. "दोस्त न्हाई रं कोन," ते म्हणाले. "सामान माझंच हाय. आन् फुल्याबी माझ्याच."

"मोटारीतनं उतरून येताना बगितलं तवाच वळखलं," बिराप्पा म्हणाला. "चालनं तेच हाय."

हंबीररावांनी मग सगळं सांगितलं. रजेची गाडी, अकरा रकाने, झाडाखालची खुर्ची. वाजवून काय ऐकायचं ते आपल्याला कधीच कळत नव्हतं, हेही सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं, आणि तेही ज्याची फीत आपल्यामुळं गेली त्या माणसाला. बिराप्पानं मध्ये एकदाही तोडलं नाही, आणि त्यामुळं सांगणं आणखी अवघड गेलं. शेवटी हंबीररावांनी विचारलं, मी आता काय करू.

बिराप्पानं विचार केला. "लिवून द्या," तो म्हणाला. "कुनाला दावनार न्हाई मी. पर लिवून द्या."

हंबीररावांनी खिशातून पेन आणि दाखल्यासाठी आणलेला कागद काढला. मांडीवर धरून लिहिलं, 'सामान वापरण्यास योग्य होते. लान्स नाईक बिराप्पा यांची चूक नव्हती. मी वाजवून बघितले नाही.' खाली सही केली आणि सवयीनं आकडाही घातला, सदतीस. कागद पुढे केला. बिराप्पानं तो घेतला नाही.

"वाचा," तो म्हणाला. "मोठ्यानं वाचा. आत माजी बायकू तानुबाई हाय, तिला ऐकू जाऊ द्या. फीत कशानं गेली ते तिला मी कवा सांगितलंच न्हाई. तिला वाटतंय, मी काय तरी केलं आसंल."

हंबीररावांनी छपराकडे तोंड करून वाचलं. पहिल्यांदा फारच हळू झालं, म्हणून दुसऱ्यांदा वाचलं. थोड्या वेळानं तानुबाई बाहेर आली, पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं ठेवला आणि तशीच आत गेली. हंबीरराव पाणी प्याले. परतीच्या मोटारीत त्यांना मोडीबद्दल कुणी विचारलं असतं तरी त्यांनी रागावून बघितलं नसतं.

घरी आल्याबरोबर त्यांनी चंद्राबाईंना अंड्यांचं विचारलं. भुशाची पाटी रिकामी होती. चंद्राबाईंनी ते गेले त्याच सकाळी आळीतल्या चार खुडूक कोंबड्या गोळा केल्या होत्या आणि ज्या घरचं अंडं त्या घरच्या खुणेसह सगळी त्यांच्याखाली मांडली होती. साळूबाईंची नऊ त्यांच्याच कोंबडीखाली होती. या कोंबड्यांना रॉकेल लागत नव्हतं आणि परवानाही.

"मला का न्हाई सांगितलं?" हंबीररावांनी विचारलं.

"आवं, अंडी थांबत्यात व्हय तुमच्यासाठी?" चंद्राबाई म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या. चूल पेटवता पेटवता त्यांनी सांगितलं की भांड्यांपैकी एक त्यांनी पहिल्याच दिवशी राखेनं घासून, उन्हात वाळवून घेतलं होतं आणि आठवडाभर त्यांच्या कोंबड्या त्यातच पाणी पीत होत्या. वाजवून बघितलं का, असं हंबीररावांनी विचारलं. चंद्राबाई म्हणाल्या, व्हय की, भांडं वाजवल्याशिवाय कोण घेतंय?

दुसऱ्या दिवशी हंबीररावांनी आळी बोलावली आणि अंगणात उभं राहून सगळं सांगितलं. जमेल तेवढं सांगितलं, असं म्हणणं जास्त बरोबर. बिराप्पाची गोष्ट सांगितली, स्वतःच्या कानांची गोष्टही सांगितली. केरबाला वाटलं हवालदार थट्टा करतायत, म्हणून तो आधी हसला. कचेरीत पाठवायचा दाखला हंबीररावांनी खरा लिहिला. तीन भांडी चांगली, एक बाद, पन्हळी तिन्ही बाद, पेटी उकळत्या पाण्यानं धुऊन चालेल, आणि याच सामानाला याच इसमानं पूर्वी न तपासता कंडम ठरवलं होतं. कारकुनानं तो शेवटच्या वाक्यासाठी परत पाठवला. असं वाक्य दाखल्यात बसत नाही, असा शेरा होता.

मग हंबीररावांनी हातोडी घरी ठेवली आणि आळीत दारोदार फिरायला सुरुवात केली. माझी फुली असलेलं काय असेल ते बाहेर काढा, असं म्हणत ते प्रत्येक ओट्यावर बसले. केरबाची बादली माळ्यावरून उतरली. हंबीररावांनी ती बोटाच्या पेरानं कडेपासून बुडापर्यंत वाजवली, उन्हाकडे धरली आणि चांगली आहे असं सांगितलं. वर्षभर घागरीनं शेंदून माझ्या खांद्याचं काय झालं ते बघा, केरबा म्हणाला, आणि सदरा काढून दाखवायला लागला. हंबीररावांनी ते बघितलं. फुली खोडता येत नाही, म्हणून केरबाचीच हातोडी मागून त्यांनी तिच्याभोवती गोल मारला.

संध्याकाळच्या सुमारास ते साळूबाईंच्या दारात आले. साळूबाई दळण निवडत होत्या. घंगाळ बाहेर काढा, म्हणून हंबीररावांनी सांगितलं.

"त्ये न्हाई बाबा आता," साळूबाई म्हणाल्या. "मोडीत घातलं. तुजी फुली बसल्यावर घरात कसं ठिवायचं?" त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "आयनं दिलं व्हतं लग्नात. पानी वतलं की घुमायचं. आवाज लई चांगला व्हता त्याचा."

हंबीररावांना तो आवाज आठवला. त्या दिवशी लागोपाठ तीन वस्तू चांगल्या निघाल्या होत्या. आणखी एक चांगली निघाली तर तपासणीचा वचक राहणार नाही असं वाटून त्यांनी डोळे मिटले होते. घंगाळ घुमत होतं, बराच वेळ घुमत होतं, आणि त्यांनी फुली मारली होती. हे साळूबाईंना सांगायला हवं, म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि सांगितलं. साळूबाई ऐकत राहिल्या. त्यांना ते नीट कळलं की नाही, ते हंबीररावांना समजलं नाही.

साळूबाई उठल्या, आत गेल्या आणि एक पत्र्याचं नवं घमेलं घेऊन आल्या. अंघोळीच्या पाण्यासाठी त्यांनी ते बाजारातून आणलं होतं. ते त्यांनी हंबीररावांच्या पुढ्यात ठेवलं. "आलाच हायस तर एवढं बग बाबा," त्या म्हणाल्या. "तू बगितलेलं आसलं म्हंजे बरं."

हंबीररावांना कुठं बघावं ते कळेना. इतकी लाज त्यांना आटपाडीच्या उन्हातही वाटली नव्हती. त्यांनी घमेलं मांडीवर घेतलं, बोटाच्या पेरानं कडेला वाजवलं आणि कान दिला. मग थोडं पुढं सरकून पुन्हा वाजवलं. साळूबाई समोर बसून वाट बघत राहिल्या.